कोणत्या बाजूला सरकेल? वायूंच्या समतोलाची दिशा मुक्त ऊर्जेवरून काढण्याची रीत

बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आलेल्या कुणालाही विचारून बघा: डेल्टा जी नॉट (प्रमाण स्थितीतला मुक्त ऊर्जेतला बदल) धन आहे, तर अभिक्रिया उजवीकडे, म्हणजे उत्पादितांच्या बाजूला, जाईल का? बहुतेक जण "नाही सर, नॉन-स्पॉन्टेनियस" (आपोआप न होणारी) म्हणून मोकळे होतात. बारावीच्या घोकंपट्टीत एवढं पक्कं बसलेलं असतं. खरं तर या प्रश्नाला उत्तरच देता येत नाही, कारण भांड्यात आत्ता कुठला वायू किती आहे हे कुणी सांगितलेलंच नाही. ती राहिलेली माहिती हिशेबात कशी घ्यायची, तेवढंच इथे सांगतो. वही, सायंटिफिक कॅल्क्युलेटर आणि पुस्तकाच्या शेवटी असतं ते ऊष्मागतिकीचं टेबल जवळ घेऊन बसा. सांगलीत आमच्या वर्गात ज्या क्रमाने घेतो, त्याच क्रमाने पुढे जाऊ.

आधी दोन राशींची गल्लत थांबवा

डेल्टा जी नॉट ही प्रमाण स्थितीची राशी. प्रत्येक वायू १ बार आंशिक दाबाला (मिश्रणातल्या त्या एकट्या वायूच्या दाबाला) आहे असं धरून काढलेली. तापमान ठरलं की ती ठरली. तुमच्या फ्लास्कमध्ये काय आहे याच्याशी तिला देणंघेणं नाही. डेल्टा जी ही राशी मात्र आत्ताच्या मिश्रणाची. मिश्रण बदललं की ती बदलते, आणि दिशा ठरते ती हिच्या चिन्हावरून. दोघींचं नातं असं:

डेल्टा जी = डेल्टा जी नॉट + आर × टी × एलएन(क्यू)

आर म्हणजे ८.३१४ जूल प्रति मोल प्रति केल्विन, टी म्हणजे केल्विनमधलं तापमान, एलएन म्हणजे नैसर्गिक लॉग आणि क्यू म्हणजे अभिक्रिया भागफल, त्याकडे येतोच. डेल्टा जी ऋण आला तर मिश्रण उजवीकडे सरकेल, धन आला तर डावीकडे, शून्य आला तर समतोल झालेला आहे. समतोलाला क्यूची किंमत के, म्हणजे समतोल स्थिरांक, इतकी होते, म्हणून डेल्टा जी नॉट = −आरटी × एलएन(के). हे वरच्या सूत्रात घातलं की उरतं डेल्टा जी = आरटी × एलएन(क्यू ÷ के). क्यू केपेक्षा लहान असेल तर उजवीकडे, मोठा असेल तर डावीकडे. अकरावी-बारावीला क्यू आणि के यांची तुलना एका धड्यात शिकवतात आणि मुक्त ऊर्जा दुसऱ्या धड्यात, त्यामुळे ही एकाच हिशेबाची दोन रूपं आहेत हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. येल विद्यापीठातल्या जोसाया विलार्ड गिब्ज यांनी या सगळ्याचा पाया १८७५ ते १८७८ या काळात घातला.

पायरी १: समीकरण लिहा आणि मग त्याला हात लावू नका

उदाहरणाला घेऊ डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड आणि नायट्रोजन डायॉक्साइड. पहिला रंगहीन, दुसरा तपकिरी, त्यामुळे समतोल कुठे सरकला ते डोळ्यांना दिसतं.

एन₂ओ₄ ⇌ २ एनओ₂

हेच समीकरण कुणी निम्मं करून लिहिलं तर डेल्टा जी नॉट निम्मा होतो, के आणि क्यू दोन्हींचं वर्गमूळ होतं. दिशा तीच राहते. घोटाळा होतो तो एका रूपाचा के आणि दुसऱ्या रूपाचा क्यू घेतला की. म्हणून समीकरण एकदा लिहिलं की शेवटपर्यंत तेच.

(कॉलेजात एनओ₂ लेड नायट्रेट तापवून करून दाखवतात. तो विषारी आहे. फ्यूम हूड चालू असल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नका.)

पायरी २: टेबलातून डेल्टा जी नॉट

टेबलात २५ अंश सेल्सिअसला, म्हणजे २९८.१५ केल्विनला, निर्मितीची प्रमाण मुक्त ऊर्जा दिलेली असते. एनओ₂ साठी ५१.३१ आणि एन₂ओ₄ साठी ९७.८९ किलोजूल प्रति मोल. उजवी बाजू वजा डावी बाजू:

(२ × ५१.३१) − ९७.८९ = ४.७३ किलोजूल

ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन अशा मूलद्रव्यांसाठी ही किंमत शून्य धरतात. गुणक विसरू नका. पेपर तपासताना सर्वांत जास्त गुण त्या २ वरच कापले जातात. आणि टेबलातली ओळ वायूचीच आहे ना ते बघा. पाण्याच्या दोन ओळी असतात: वाफेची −२२८.५७ आणि द्रव पाण्याची −२३७.१३. वायूंच्या समीकरणात द्रवाची किंमत घातली तर साडेआठ किलोजूलची चूक आयती पदरात पडते, आणि २५ अंशांना तेवढ्याने के तीसपटीने बदलतो.

जुन्या पुस्तकात प्रमाण दाब १ ॲटमॉस्फिअर दिसेल, नव्यात १ बार. हा बदल १९८२ चा. आपल्या उदाहरणात त्याने फरक पडतो ०.०३ किलोजूलचा, म्हणजे काहीच नाही.

आता के काढा. २९८.१५ ला आरटी = २.४७९ किलोजूल. ४.७३ ला त्याने भागलं की १.९०८, आणि ई चा उणे १.९०८ वा घात ०.१४८. के = ०.१४८. डेल्टा जी नॉट धन आला म्हणजे के १ पेक्षा लहान आहे, एवढंच. अभिक्रिया होतच नाही, असा अर्थ त्यातून निघत नाही.

पायरी ३: क्यू काढा

उजवीकडच्या वायूंचे आंशिक दाब त्यांच्या गुणकांच्या घाताला चढवून गुणायचे, डावीकडच्यांच्या तशाच गुणाकाराने भागायचं. प्रत्येक दाब बारमध्ये घ्यायचा आणि १ बारने भागला असं धरायचं, म्हणजे एकक उरत नाही. लॉग आकड्याचा घेतात, बारचा नाही. पास्कलमध्ये दिलेले दाब तसेच घातले तर उत्तर पार बिघडतं.

मिश्रण घेऊ: एनओ₂ ०.१ बार, एन₂ओ₄ ०.५ बार. क्यू = ०.१ चा वर्ग ÷ ०.५ = ०.०२.

पायरी ४: चिन्ह बघा

एलएन(०.०२) = −३.९१. त्याला २.४७९ ने गुणलं की −९.७०. म्हणून

डेल्टा जी = ४.७३ − ९.७० = −४.९७ किलोजूल

ऋण. डेल्टा जी नॉट धन असूनही हे मिश्रण उजवीकडे सरकणार, तपकिरी रंग गडद होत जाणार. आता दोन्ही वायू ०.५ बारला घ्या. क्यू = ०.५, आरटी एलएन(क्यू) = −१.७२, डेल्टा जी = +३.०१. आता गाडी डावीकडे, रंग फिका. वायू तेच, तापमान तेच, डेल्टा जी नॉट तोच. दिशा मात्र उलटी. हे दोन हिशेब स्वतःच्या हाताने करा. नुसते वाचून सोडून दिले तर पुढच्या परीक्षेत पुन्हा "नॉन-स्पॉन्टेनियस" लिहून याल.

कॅल्क्युलेटरबद्दल दोन गोष्टी. बटण "एलएन"चं दाबायचं. "लॉग"चं दाबलं तर २.३०३ ने गुणावं लागतं. आणि आर जूलमध्ये आहे तर टेबल किलोजूलमध्ये, तेव्हा ८.३१४ ला आधीच १००० ने भागून ०.००८३१४ लिहून ठेवा.

किती सरकेल हेही हवं असेल तर पहिल्या मिश्रणात एन₂ओ₄ चा एक्स बार मोडला असं धरा. (०.१ + २एक्स) चा वर्ग ÷ (०.५ − एक्स) = ०.१४८. वर्गसमीकरण सोडवलं की एक्स = ०.०७५. शेवटी एनओ₂ ०.२५ बार, एन₂ओ₄ ०.४२५ बार. हा फ्लास्क बंद आहे, दाब वाढतो आहे, मग मुक्त ऊर्जेचा निकष लागतो का, असा प्रश्न हुशार मुलं विचारतात. लागतो. त्या क्षणी कुठल्या बाजूला ढळेल ते रासायनिक विभवांच्या (मिश्रणातल्या प्रत्येक पदार्थाच्या दर मोल मुक्त ऊर्जेच्या) फरकावरून ठरतं, आणि तो फरक म्हणजेच डेल्टा जी. आकारमान कायम असो की दाब.

पायरी ५: तापमान २५ अंश नसेल तर

सांगलीत मे महिन्यात दुपारी पारा चाळिशीला असतो, आणि टेबल पंचविसाचं. तेव्हा एन्थाल्पी (डेल्टा एच, अभिक्रियेची उष्णता) आणि एन्ट्रॉपी (डेल्टा एस, अव्यवस्थेतला बदल) वेगळ्या काढायच्या: डेल्टा जी नॉट = डेल्टा एच नॉट − टी × डेल्टा एस नॉट. आपल्या अभिक्रियेसाठी डेल्टा एच नॉट = ५७.२ किलोजूल आणि डेल्टा एस नॉट = १७५.८ जूल प्रति केल्विन. एन्ट्रॉपी जूलमध्ये असते, तिला १००० ने भागा.

४० अंशांना, म्हणजे ३१३.१५ केल्विनला: ५७.२ − ५५.०५ = २.१५ किलोजूल, के = ०.४४. थंडीतली १० अंशांची पहाट घ्या: ५७.२ − ४९.७८ = ७.४२, के = ०.०४३. तीस अंशांत के दहापट! कमी दाबाने भरलेली बंद नळी गरम पाण्यात गडद आणि बर्फात फिकी का होते, ते या दोन आकड्यांत आहे. २५ अंशांना याच वाटेने गेलात तर ४.७३ ऐवजी ४.७९ येईल. घाबरू नका, टेबलातल्या किमतींच्या गोळाबेरजेचा तो फरक आहे.

डेल्टा जी नॉट शून्य होतो ते तापमान: ५७२०० ÷ १७५.८ = ३२५ केल्विन, साधारण ५२ अंश. मुलं याला "अभिक्रिया सुरू होण्याचं तापमान" म्हणतात. तसं ते नाही. अभिक्रिया त्याच्या खालीही होते, वरही होते; त्या तापमानाला फक्त के बरोबर १ होतो.

या रीतीत डेल्टा एच आणि डेल्टा एस तापमानाबरोबर बदलत नाहीत असं गृहीत आहे. थोड्या अंतरासाठी ते चालतं. लांब गेलात तर काय होतं ते पुढे अमोनियात दिसेल.

पायरी ६: दाब बदलला तर

के दाबाने बदलत नाही, क्यू बदलतो. समजा २५ अंशांना हा वायू सरकत्या पिस्टनच्या नळीत भरला, आत-बाहेर दाब सारखा. सांगली समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर, हवेचा दाब ०.९५ बारच्या आसपास. महाबळेश्वर १३५० मीटरवर, दाब सुमारे ०.८६ बार. विघटनाचा अंश (एन₂ओ₄ चा किती भाग मोडला ते) म्हणजे के ÷ (के + ४ × दाब) चं वर्गमूळ. सांगलीत तो १९.४ टक्के, महाबळेश्वरला २०.३. घाट चढून गेल्याचा परिणाम एवढासाच, पण दिशा बरोबर: दाब उतरला की जास्त रेणूंच्या बाजूला.

तापमान मात्र २५ अंशच ठेवा. या वायूचा उत्कलनबिंदू सुमारे २१ अंश आहे, कमी दाबाला आणखी खाली. महाबळेश्वरच्या थंडीत पिस्टनमध्ये द्रवाचे थेंब दिसतील आणि वायूंसाठी लिहिलेलं आपलं गणित तिथेच संपेल. वायूचं समीकरण मांडलंत म्हणजे त्या दाबाला, त्या तापमानाला तो वायूच आहे ना, हे आधी बघायचं.

दाबाची खरी ताकद बघायची तर अमोनिया घ्या. कृष्णाकाठच्या उसाला जो युरिया पडतो, त्याची सुरुवात इथून:

एन₂ + ३ एच₂ ⇌ २ एनएच₃

२५ अंशांना डेल्टा जी नॉट −३२.९ किलोजूल. डेल्टा एच −९२.२ किलोजूल, डेल्टा एस −१९८.७ जूल प्रति केल्विन. कारखान्यात तापमान ४०० अंशांच्या घरात, म्हणजे ६७३ केल्विन धरू. डेल्टा जी नॉट = −९२.२ + १३३.७ = +४१.५. चांगलाच धन.

आता मिश्रण: नायट्रोजन ०.२५ बार, हायड्रोजन ०.७५ बार, अमोनिया ०.१ बार. क्यू = ०.०९५. आरटी ५.५९६, एलएन(क्यू) −२.३६, गुणाकार −१३.२. डेल्टा जी = +२८.३ किलोजूल. डावीकडे: होता तो अमोनियाही मोडणार.

हेच मिश्रण, याच प्रमाणात, २०० पट दाबा. नायट्रोजन ५०, हायड्रोजन १५०, अमोनिया २० बार. क्यू ४०,००० पट लहान होऊन ०.०००००२३७ वर येतो. एलएन −१२.९५, गुणाकार −७२.५, डेल्टा जी = −३१.० किलोजूल. उजवीकडे. एवढे जाड पोलादी रिॲक्टर आणि महागडे कंप्रेसर कशासाठी लागतात, ते या एका चिन्हाच्या फरकात आहे.

आता ते लांब जाण्याचं. +४१.५ वरून के येतो ०.०००६. प्रत्यक्ष मोजलेला के ४०० अंशांना सुमारे ०.०००१६ आहे. चौपट फरक! पौने चारशे अंश दूर जाताना डेल्टा एच आणि डेल्टा एस बदललेले असतात, ते आपण धरलेच नाहीत. शिवाय दोनशे बारला वायू आदर्श राहत नाहीत. तिथे आंशिक दाबाऐवजी फ्युगॅसिटी (आदर्शपणापासूनचा फरक धरून दुरुस्त केलेला दाब) वापरतात. तरी दोन्ही उत्तरं टिकली, कारण क्यू आणि के यांच्यात शेकडो पटींचं अंतर होतं. अंतर दोन-चार पटींचंच असेल तर या कच्च्या हिशेबावर दिशा ठरवू नका, त्या तापमानाची किंमत दिलेलं टेबल शोधा.

पायरी ७: दिशा कळली, वेग नाही

तासगाव भागात बेदाणा करताना द्राक्षांचा पिवळसर रंग टिकावा म्हणून गंधकाची धुरी देतात. बंद जागेत गंधक जळतं, सल्फर डायॉक्साइड होतो आणि बेदाण्याला हवा असतो तो हाच वायू. आजूबाजूला ऑक्सिजन भरपूर असतो. मग आपली रीत काय सांगते?

२ एसओ₂ + ओ₂ ⇌ २ एसओ₃

टेबल: एसओ₂ −३००.१९, एसओ₃ −३७१.०६. डेल्टा जी नॉट = २ × (−३७१.०६ + ३००.१९) = −१४१.७ किलोजूल. २५ अंशांना के येतो ६.७ गुणिले १० चा २४ वा घात. क्यूसाठी एसओ₃ अगदी एसओ₂ इतकाच झालाय असं धरलं आणि ऑक्सिजन ०.२ बार घेतला, तरी क्यू फक्त ५. आरटी एलएन(५) = ४.०. डेल्टा जी = −१३७.७.

हिशेबाप्रमाणे धुरीच्या खोलीतला जवळजवळ सगळा एसओ₂ एसओ₃ व्हायला हवा, ओलाव्यात मिसळून त्याचं सल्फ्युरिक आम्ल व्हायला हवं आणि बेदाणा नासायला हवा. तसं होत नाही. खोलीच्या तापमानाला, उत्प्रेरक नसताना, ही अभिक्रिया इतकी मंद असते की धुरीपुरता एसओ₂ तसाच राहतो. डेल्टा जी कितीही मोठा ऋण असो, त्यातून वेगाबद्दल अक्षरही कळत नाही. सल्फ्युरिक आम्लाच्या कारखान्यात याच अभिक्रियेला व्हॅनेडियम पेंटॉक्साइड लावतात आणि तापमान चारशे अंशांच्या वर नेतात. तापवल्याने के घसरतो. ७०० केल्विनला डेल्टा जी नॉट −६६ किलोजूलपर्यंत येतो आणि के एक लाखाच्या आत. पण तेवढाही पुरून उरतो, आणि अभिक्रिया झपाट्याने होते. उत्प्रेरकाने के बदलत नाही, डेल्टा जीचं चिन्हही बदलत नाही. "उत्प्रेरक घातला की समतोल उजवीकडे सरकतो" असं लिहिलेलं उत्तर दरवर्षी कुणी ना कुणी आणून दाखवतंच.

उलट बाजूने बघाल तर डेल्टा जी धन आला की विषय मिटतो. त्या मिश्रणातून, त्या तापमानाला, कोणताही उत्प्रेरक तुम्हाला उजवीकडे नेणार नाही. त्यासाठी मिश्रण, दाब किंवा तापमान यांतलं काहीतरी बदलायलाच लागेल.

हाताने करून बघायला एक

सीओ + एच₂ओ (वाफ) ⇌ सीओ₂ + एच₂

डेल्टा एच नॉट −४१.१६ किलोजूल, डेल्टा एस नॉट −४२.०८ जूल प्रति केल्विन. तापमान १२०० केल्विन. सीओ आणि वाफ प्रत्येकी १ बार, सीओ₂ आणि हायड्रोजन प्रत्येकी ०.५ बार. दिशा काढा, आणि मग सगळं मिश्रण दुप्पट आकारमानात पसरू दिलं तर काय होईल ते सांगा. आधी स्वतः सोडवा, उत्तर लगेच खाली आहे.

डेल्टा जी नॉट = −४१.१६ + ५०.५० = +९.३४. क्यू = ०.२५, आरटी = ९.९८, एलएन(०.२५) = −१.३९, गुणाकार −१३.८. डेल्टा जी = −४.५ किलोजूल, म्हणजे उजवीकडे. यात के येतो ०.३९, क्यूच्या दीडपटच. म्हणजे वर सांगितलेली सावधगिरी इथे लागू होते, आणि १२०० केल्विनच्या टेबलाशी एकदा ताडून घ्यायला हवं. आकारमान दुप्पट केलं की चारही दाब निम्मे होतात. दोन्ही बाजूंना रेणू दोन-दोनच आहेत, त्यामुळे क्यू ०.२५ च राहतो, आणि डेल्टा जीही तेवढाच.